खटक्याच्या चाकूच्या पोटात काय असते?

शेतकरी बंधूंनो, माल घेऊन पुण्याला गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जायचे म्हटले की खिशात चाकू लागतोच. सुतळी कापायची, गोणीचे तोंड उसवायचे, भाकरीबरोबर कांदा चिरायचा. पण तरण्या मुलांचा डोळा असतो तो खटक्याच्या चाकूवर. बटण दाबले की खट्‌, पाते बाहेर! हिंदी सिनेमाने त्याचे नको इतके कौतुक करून ठेवले आहे.

आत जादू काही नाही. पात्याचे बूड मुठीत एका खिळ्याभोवती फिरते आणि खिळ्यालगत स्प्रिंग बसवलेली असते. पाते मिटताना तुमचाच हात ती स्प्रिंग आवळत असतो, घड्याळाला किल्ली द्यावी तसा. पाते पुरते मिटले की बटणाचा दांडा बुडाच्या खाचेत बसून त्याला अडवतो. बटण दाबले की दांड्याचा बारीक भाग खाचेसमोर येतो, अडसर सुटतो आणि पाते गर्रकन फिरून आतल्या टेकूवर आदळते. त्याच क्षणी बटणाखालची लहान स्प्रिंग दांडा वर ढकलते; तो बुडाच्या दुसऱ्या खाचेत बसतो आणि पाते पक्के होते. उघडणारे बटण तेच, कुलूपही तेच.

आता शेतातला विचार करा. खाचेत माती, डिंक, द्राक्षाचा चिकट रस गेला की दांडा अर्धवट बसतो. मग भर कामात पाते बोटांवर मिटते. खाच झिजली किंवा बटणाखालची स्प्रिंग थकली, तर चाकू खिशातच उघडतो. तो कुठे लागेल हे सांगायला नको!

कायद्याचेही ध्यानात ठेवा. १९५९ च्या शस्त्र कायद्याने निव्वळ घरगुती वा शेतीकामासाठी बनवलेल्या वस्तू शस्त्रांतून वगळल्या आहेत. खटक्याच्या चाकूला ही सवलत गृहीत धरू नका. दिल्लीत तर १९८० च्या अधिसूचनेपासून ७.६२ सेंटिमीटर किंवा जास्त लांब आणि १.७२ सेंटिमीटर किंवा जास्त रुंद पात्याच्या अशा चाकूला परवाना लागतो. आपल्याकडे महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली पुण्याचे पोलीस आयुक्त वेळोवेळी शस्त्रबंदीचे आदेश काढतात. सणासुदीला पोराच्या खिशात खटक्याचा चाकू सापडला, तर मालाची पट्टी राहील बाजूला आणि चौकीत बसावे लागेल.

साधा घडीचा चाकू घ्या. त्याच्या पाठीतली पोलादी पट्टी बुडाच्या सपाट कडेवर दाबून पाते धरते. मात्र ते कुलूप नव्हे. घेताना उघड्या पात्याची पाठ लाकडावर हलकेच दाबून बघा, बोटे पात्याच्या वाटेतून दूर ठेवून. मिटला तर त्याने टोकाने भोसकण्याचे काम करू नका, धारेने ओढून कापा. कलमाला किंवा डोळा भरायला मात्र चाकू वेगळा ठेवा. सुतळी कापून बोथट झालेले पाते साल फाडते.