खाजणातले निळे रक्त

कोळंबीचे रक्त लाल नसते. नितळ, पाण्यासारखे, हवा लागली की किंचित निळसर. त्यात प्राणवायू वाहण्याचे काम लोहाऐवजी तांबे करते. हे रक्त इतक्या झटपट गोठते, की नमुना घेणाऱ्याला सिरिंजमध्ये आधी गोठणरोधक द्रावण भरून ठेवावे लागते. ज्या दिवशी ते गोठायला वेळ घेऊ लागते, त्या दिवशी कोळंबी आजारी असते, मग वरून ती कितीही टवटवीत दिसो. पालघर-डहाणूच्या खाजणांतल्या कोळंबीशेतीकडे मागे वळून पाहताना मला सारखे वाटते, की आपण रक्ताकडे फार उशिरा पाहिले.

1994 मध्ये पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू भारतात शिरला. त्याआधी दोनेक वर्षे तो तैवान आणि चीनकडे धुमाकूळ घालत होता. टायगर कोळंबीला तेव्हा निर्यातीत सोन्याचा भाव होता. या रोगात कोळंबी खाणे सोडते, बांधाच्या कडेला येऊन रेंगाळते, कवचावर पांढरे ठिपके उठतात आणि तीन ते दहा दिवसांत तळे रिकामे होते. सगळे कवचावरचे ठिपके मोजत राहिले. खरी पडझड रक्तात सुरू झालेली असे.

कोळंबीच्या रक्तात मिलिलिटरमागे साधारण कोटीच्या घरात पेशी असतात. काही पेशी जंतूला गिळतात. काही दाणेदार पेशी फुटून एक विकर सोडतात, त्यातून काळे रंगद्रव्य बनते आणि जंतू त्यात कोंडला जातो. कोळंबीच्या अंगावर जखमेच्या जागी दिसणारा काळा डाग तो हाच. पण या पेशींना आपल्यासारखी आठवण नसते. प्रतिपिंडे नाहीत, म्हणून नेहमीच्या अर्थाची लसही नाही. त्यात हा विषाणू जिथे रक्तपेशी तयार होतात त्या ऊतींनाच गाठतो. पेशींची संख्या कोसळते आणि रक्त गोठेनासे होते. 2001 पर्यंत विषाणूची सुमारे 3 लाख अक्षरांची जनुकमाला वाचून झाली, तरी औषध निघाले नाही.

त्या दशकात न्यायालयेही या शेतीकडे वळली. डहाणू तालुका 1991 पासूनच पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित होता. 11 डिसेंबर 1996 ला सर्वोच्च न्यायालयाने एस. जगन्नाथ खटल्यात किनारपट्टीवरच्या बिगरपारंपरिक कोळंबीशेतीला चाप लावला. 2005 मध्ये तटीय जलकृषी प्राधिकरणाचा कायदा आला. 2009 मध्ये व्हनामी या परदेशी कोळंबीला परवानगी मिळाली आणि टायगर मागे पडली.

व्हनामीबरोबर एक गैरसमजही आला. तिचे बीज ठरावीक रोगांपासून मुक्त असते, म्हणजे ते बीज घेताना ते जंतू त्यात नसतात, इतकेच. ते रोगाला पुरून उरते असे नाही. खाडीचे पाणी, खेकडे, पक्षी, शेजारच्या तळ्यातले सोडलेले पाणी यांतून विषाणू येतो, तेव्हा हे बीजही तितकेच उघडे असते. प्रतिकारशक्ती वाढवणारी म्हणून दुकानात मिळणारी पूरके प्रयोगशाळेत रक्तपेशींना चेतवतात, हे खरे. पण बीजाची पीसीआर तपासणी, तळे नीट वाळवणे आणि बेताची दाटी यांची जागा त्यांना घेता येत नाही. ही शिस्त शेतकरी नुकसान सोसून शिकले.

जिताडा या माशाची गोष्ट वेगळी. रायगडच्या खारेपाटात तळ्यात जिताडा वाढवण्याची जुनी चाल आहे, आणि चेन्नईच्या खाऱ्या पाण्यातील जलकृषी संस्थेने 1997 मध्ये त्याचे बंदिस्त प्रजनन साधल्यापासून बीजाची वाट मोकळी झाली. जिताड्याला आठवण आहे. माशाला अस्थिमज्जा नसते, त्याच्या रक्तपेशी मूत्रपिंडाच्या डोक्याकडच्या भागात घडतात. प्रतिपिंडे तो करतो, पण पिल्लांना ती क्षमता यायला काही आठवडे लागतात. नेमक्या त्या कोवळ्या काळात मेंदू आणि डोळे पोखरणारा नोडा विषाणू त्यांना गाठतो. त्याच्यावर याच संस्थेने ‘नोडावॅक-आर’ ही लस तयार केली. कोळंबीसाठी अशी लस आजही नाही.

जिताड्याच्या रक्तात आणखी एक गोष्ट आहे, आणि बोईसर-तारापूरच्या औद्योगिक पट्ट्यासाठी मला तीच सर्वांत मोलाची वाटते. आपल्या तांबड्या पेशी केंद्रक टाकून देतात. माशाच्या तांबड्या पेशी ते जपून ठेवतात. पाण्यात जनुकांना इजा करणारे रसायन असले, की पेशी विभागताना मोठ्या केंद्रकाशेजारी एखादा छोटा, तुटलेला ठिपका राहून जातो. त्याला सूक्ष्मकेंद्रक म्हणतात. असे ठिपके मोजले, की पाण्याचा दोष मासा मरण्याआधीच दिसू लागतो.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतले सांडपाणी नवापूरच्या किनाऱ्याकडे आणि मुरबे-खारेकुरणच्या खाडीकडे जाते, ही तक्रार मच्छीमारांनी वर्षानुवर्षे केली. त्यांची अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादात गेली. जानेवारी 2022 मध्ये लवादाने शंभरावर कारखान्यांवर सुमारे 160 कोटी रुपयांची भरपाई बसवली. खाडीत मेलेल्या माशांचे खच पडले, की चर्चा होते. मग ओहोटी त्यांना घेऊन जाते आणि पुरावाही नेते.

रक्ताचा थेंब तसा वाहून जात नाही. शेपटीजवळच्या शिरेतून एक थेंब, काचपट्टीवर पातळ पसरलेला, मिथेनॉलने स्थिर करून जिम्सा रंगाने रंगवलेला. एवढ्याला पालघरच्या कोणत्याही विज्ञान महाविद्यालयातला सूक्ष्मदर्शक पुरतो. खाडीच्या मुखाजवळच्या तळ्यातला एक जिताडा, दुसरा सांडपाण्यापासून दूरच्या तळ्यातला, आणि प्रत्येकाच्या हजारभर पेशी. पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा.