धोलावीरेच्या वाटेवर आजीआजोबांचे पाणी

हिवाळ्याच्या सुटीत कच्छच्या रणात दोन रात्री तंबूत राहून धोलावीरा पाहण्याचा बेत अनेक घरांत शिजत असतो. १९६०च्या दशकात जगत्पती जोशी यांनी उजेडात आणलेले आणि १९९० पासून रवींद्रसिंह बिश्त यांच्या मार्गदर्शनाखाली उत्खनित झालेले हे हडप्पाकालीन नगर २०२१ मध्ये जागतिक वारसास्थळ ठरले. घरातील ज्येष्ठांना तेथे न्यावे की नाही, या प्रश्नापाशी मात्र बेत अडखळतो. ज्येष्ठांनी गाडीत बसावे आणि इतरांनी अवशेष पाहून यावेत, ही पद्धत मला रुचत नाही. त्यांना अवश्य न्यावे. परंतु बेत आखताना सर्वप्रथम पाण्याचा विचार करावा.

हा विचार त्या नगरानेही केला होता. खदीर बेटावर बारमाही नदी नाही. उत्तरेस मानसर आणि दक्षिणेस मनहर हे केवळ पावसाळ्यात वाहणारे दोन ओढे. त्यांना बंधारे घालून, ते पाणी तटबंदीलगतच्या प्रचंड हौदांत वळवून धोलावीरेच्या रहिवाशांनी शतकानुशतके तग धरला. बालेकिल्ल्याच्या पूर्वेकडील पायऱ्यांचा हौद सत्तर मीटरांहून लांब आहे. त्याच्या काठावर उभे राहिले की ध्यानात येते, की पाणी टंचाई भासण्यापूर्वीच साठवले जात होते.

आपल्या शरीराची गोष्ट याहून फारशी वेगळी नाही. वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते. शरीरातील पाण्याचा साठा मुळातच कमी झालेला असतो आणि मूत्रपिंडांची पाणी राखून ठेवण्याची क्षमताही घटते. रणातील हवा कोरडी असल्याने घाम अंगावर दिसत नाही, तो लगेच उडून जातो. त्यात थंडीचे दिवस. त्यामुळे पाण्याची आठवणच होत नाही. म्हणून ‘तहान लागली की पिऊ’ हा नियम तरुणांना चालेल, सत्तरीतील व्यक्तीला चालणार नाही.

याहून नाजूक एक कारण आहे आणि ते घरात सहसा कोणी बोलून दाखवत नाही. प्रवासात स्वच्छतागृह मिळेल की नाही या धास्तीने अनेक ज्येष्ठ, विशेषतः स्त्रिया, सकाळपासून पाणीच टाळतात. विचारले तर ‘तहानच नाही’ असे उत्तर मिळते. परिणामी दुपारपर्यंत चक्कर, थकवा, कधी बोलण्यात गोंधळ दिसू लागतो आणि सारे त्याला ‘प्रवासाचा शीण’ म्हणतात. आपण काळजीवाहक असाल तर पाणी प्यायचा आग्रह धरण्याआधी थांबण्याची ठिकाणे निश्चित करा आणि ती आईला किंवा सासूबाईंना आधीच सांगा. कुठे थांबायचे हे ठाऊक असले की पाण्याची बाटली आपोआप हाती घेतली जाते.

लघवी गडद होणे, तोंड कोरडे पडणे, उठताना अंधारी येणे या खुणांकडे लक्ष असावे. लघवी वाढवणारी रक्तदाबाची किंवा मधुमेहाची औषधे चालू असल्यास निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे. स्वतःच्या मनाने गोळी वगळू नये. हृदयविकार वा मूत्रपिंडविकारामुळे ज्यांच्या पाण्यावर मर्यादा आहे, त्यांनी प्रवासापुरते प्रमाण लिहूनच घ्यावे. इन्सुलिन उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नये आणि बर्फाला थेट टेकवूही नये. मोठ्या रुग्णालयाची गरज भासली, तर भुजपर्यंत काही तासांचा प्रवास आहे, हे विसरू नये.

पाण्याचा मोठा वाटा सकाळपासून सायंकाळपर्यंतच पिऊन झाला, तर रात्री उठणे कमी होते. तरीही उठावे लागेलच. अशा वेळी आधी खाटेच्या कडेवर क्षणभर बसावे, मग उभे राहावे. उशाशी विजेरी असावी. तंबूच्या ताणलेल्या दोऱ्यांना पांढरे फडके बांधून ठेवावे, कारण अंधारात पाय अडकतो तो तेथेच. थंडी कितीही बोचरी असो, कोळशाची शेगडी तंबूत आणू नये. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो जागे होऊ देत नाही.

अवशेषांत सकाळी लवकर शिरावे. जमीन उंचसखल आहे, म्हणून काठी आणि पायात घट्ट बसणारे बूट हवेत. बालेकिल्ल्याची चढण एका दमात पार करण्याचे कारण नाही. ज्यांना ती झेपणार नाही, त्यांना हौदांच्या काठाकाठानेही नगराचा पुष्कळ भाग दिसतो. वर जाणाऱ्यांनी उत्तर दरवाज्यापाशी मात्र थोडे थांबावे. तेथे दहा मोठ्या अक्षरांची पाटी सापडली होती आणि ती लिपी आजतागायत कोणालाही उलगडलेली नाही. त्या पाटीवर काय लिहिले असेल, याचा तर्क नातवंडांना आजीआजोबांकडे मागू द्यावा. गप्पा लांबतील, तेवढ्या वेळात पेलाभर पाणी सहज पिऊन होते.