जुनी हायब्रिड मोटार : घेण्याआधी तपासा, घेतल्यावर जपा

गेल्या दोन-तीन वर्षांत आमच्या ओळखीच्या अनेक व्यापारी बांधवांनी एकच प्रश्न विचारला. दोन लाख किलोमीटर चाललेली हायब्रिड मोटार स्वस्तात मिळते आहे, घ्यावी की नाही? कोणाला ती टूरिस्ट परवान्यावर चालवायची असते, तर कोणाला माल पोहोचवायला आणि घरच्या माणसांना न्यायला-आणायला. पेट्रोल कमी लागते हे सर्वांना ठाऊक आहे. भीती एकच, बॅटरी गेली तर भांडवलच जाईल. ही भीती खोटी नाही. परंतु बॅटरी बहुधा एका दिवसात जात नाही, ती आधी इशारे देते. ते इशारे कसे ओळखावेत आणि नुकसान आधीच कसे टाळावे, हे या लेखात सांगत आहोत.

टोयोटाने प्रिअस ही गाडी १९९७ साली जपानमध्ये विक्रीस आणली. आपल्या देशात ती २०१० मध्ये आली, पण महाग असल्यामुळे फारशी खपली नाही. २०१३ मध्ये कॅमरी हायब्रिड आली. २०२२ पासून हायरायडर, ग्रँड विटारा, होंडा सिटी आणि इनोव्हा हायक्रॉस यांचे हायब्रिड नमुने आले. कोकणातून आखातात गेलेल्या आपल्या ड्रायव्हर बंधूंना ही यंत्रणा परिचयाची आहे. दुबईत २००८ मध्ये हायब्रिड टॅक्सीचा प्रयोग सुरू झाला आणि पुढे अशा टॅक्सी मोठ्या संख्येने रस्त्यावर आल्या. टॅक्सी म्हणून लाखो किलोमीटर चाललेल्या हायब्रिड गाड्या जगभर आहेत. तेव्हा जास्त चाललेली गाडी म्हणजे संपलेली गाडी, असे समजण्याचे कारण नाही. ती कशी सांभाळली गेली, हा खरा प्रश्न आहे.

प्रथम यंत्रणा थोडक्यात समजून घेऊ. टोयोटाच्या पद्धतीत पेट्रोल इंजिनाबरोबर दोन विजेच्या मोटारी असतात आणि तिघांना दात्यांच्या एका संचाने जोडलेले असते. नेहमीचा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही, क्लच प्लेटही नाही. ब्रेक दाबला की मोटार उलट काम करून वीज तयार करते आणि ती मोठ्या बॅटरीत साठते. म्हणजे साध्या गाडीत वारंवार बिघडणारे काही भाग येथे मुळातच नाहीत. त्यांच्या जागी इन्व्हर्टर, त्याला थंड ठेवणारा विजेचा पंप, मोठी बॅटरी आणि तिचा पंखा हे नवे भाग आले. जपायचे ते यांनाच.

पहिली गोष्ट बॅटरीच्या पंख्याची. जुन्या कॅमरी आणि प्रिअसमध्ये मोठी बॅटरी मागच्या सीटच्या पाठीमागे असते. ती प्रवाशांच्या बाजूची हवा ओढून थंड होते. हवा आत जाण्याची जाळी कोठे आहे ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. या जाळीत धूळ, सीटच्या कापडाचा भुगा आणि केस अडकतात. कापडाचे गठ्ठे, पोती किंवा खोकी मागच्या सीटवर रचणाऱ्या दुकानदाराच्या हातून ती जाळी नकळत बंद होते. मग बॅटरी तापते, आणि उष्णता हाच तिचा सर्वांत मोठा शत्रू. दर महिन्याला जाळी साफ करावी आणि वर्षातून एकदा पंखा उघडून त्याची पाती पुसून घ्यावीत. हे काम अगदी किरकोळ खर्चाचे आहे. ते टाळले तर पुढे खर्च येतो तो संपूर्ण बॅटरीचा. उन्हात उभी केलेली गाडी सुरू केल्यावर आधी काचा उघडून गरम हवा जाऊ द्यावी आणि मग एसी लावावा.

दुसरी गोष्ट इन्व्हर्टरच्या पाण्याची. इंजिनाचे कूलंट वेगळे आणि इन्व्हर्टरचे वेगळे, हे पुष्कळ मिस्त्रींच्या लक्षात राहत नाही. गाडी 'रेडी' स्थितीत असताना इन्व्हर्टरच्या टाकीत डोकावून पाहावे. पाणी हलताना दिसले तर पंप चालू आहे. ते निश्चल असेल तर पंप तपासून घ्यावा. हा पंप बंद पडून इन्व्हर्टर जळाला तर पंपाच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च येतो. दोन्ही टाक्यांत कंपनीने सांगितलेलेच गुलाबी कूलंट घालावे, नळाचे पाणी घालू नये. टोयोटाच्या अनेक नमुन्यांत इंजिनाचे कूलंट पहिल्यांदा सुमारे १,६०,००० किलोमीटरवर आणि नंतर दर ८०,००० वर बदलायचे असते. जुन्या गाडीचा हिशेब माहीत नसेल तर ते घेतल्याबरोबर बदलून टाकावे.

तिसरी गोष्ट इंजिनाची. हायब्रिडचे इंजिन सतत बंद-चालू होत असते, म्हणून त्याला पातळ तेल लागते. बहुतेक टोयोटा हायब्रिडमध्ये ते झिरो-डब्ल्यू-ट्वेंटी जातीचे असते. गाडी जुनी आहे म्हणून जाड तेल घालण्याची आपल्या गॅरेजमधील सवय येथे सोडावी. दर १०,००० किलोमीटरला किंवा वर्षाला, यापैकी जे आधी येईल तेव्हा, तेल बदलावे. जास्त चाललेल्या गाडीत काडी लावून पातळी पंधरा दिवसांनी पाहावी. २०१० ते २०१५ च्या प्रिअसमध्ये धूर परत इंजिनात फिरवणारा भाग, म्हणजे ईजीआर, काजळीने तुंबतो आणि पुढे हेड गॅस्केट जाण्याची तक्रार सर्वत्र आढळली आहे. सकाळी पहिल्यांदा इंजिन सुरू होताना जोराने थरथरते, कूलंट हळूहळू कमी होते, ही तिची लक्षणे. अशी गाडी घेण्यापूर्वी सावध व्हावे. घेतलेली असेल तर लाखभर किलोमीटरनंतर ईजीआर साफ करून घ्यावा. गिअरच्या पेटीतील तेल कंपनीने नेमून दिलेलेच हवे. पुष्कळ अनुभवी मिस्त्री ते लाखभर किलोमीटरला बदलतात आणि आमचेही मत तेच आहे.

चौथी गोष्ट ब्रेकची. वेग कमी करण्याचे बरेचसे काम मोटार करते, म्हणून पॅड फार दिवस टिकतात. पण वापर कमी असल्यामुळेच कॅलिपरच्या पिना गंजून अडकतात. समुद्रकाठच्या दमट हवेत तर लवकरच. पॅड जाड दिसले म्हणून समाधान मानू नये. वर्षातून एकदा पिना काढून, पुसून, योग्य ग्रीस लावून घ्यावे. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलावे. अनेक नमुन्यांत त्यातील हवा काढण्यासाठी स्कॅनर जोडावा लागतो, हे गॅरेजला आधी विचारून घ्यावे.

पाचवी गोष्ट लहान, १२ व्होल्टच्या बॅटरीची. ती उतरली की गाडी 'रेडी' होत नाही आणि पडद्यावर भलतेसलते इशारे दिसू लागतात. मालकाला वाटते की मोठी बॅटरी गेली, आणि अर्धवट जाणकार मिस्त्री त्याला दुजोरा देतो. म्हणून कोणताही मोठा खर्च मान्य करण्यापूर्वी १२ व्होल्टची बॅटरी तपासावी. गाडी महिनोन्महिने उभी ठेवू नये. आठवड्यातून एकदा अर्धा तास 'रेडी' ठेवावी किंवा फिरवून आणावी.

आता खरेदीच्या वेळची तपासणी. विकणारा स्कॅनरने इशारे पुसून टाकतो आणि दिवा विझलेली गाडी दाखवतो, असे प्रकार घडतात. म्हणून गल्लीत एक फेरी मारून सौदा करू नये. तासभर चालवावी, चढावर न्यावी, एसी चालू ठेवावा. पडद्यावरील बॅटरीचा काटा झटपट खाली-वर होत असेल, पंखा सतत जोराने वाजत असेल, तर बॅटरी थकली आहे असे समजावे. त्यानंतर आपल्या माणसाकडून स्कॅनर लावावा. कॅमरीच्या २०१३ नंतरच्या नमुन्यात ३४ संच असतात आणि स्कॅनर त्यांच्या जोड्यांचा दाब दाखवतो. सर्व जोड्या एकसारख्या असाव्यात. भार पडताच एखादी जोडी इतरांहून सतत खाली घसरत असेल तर तीच दुखणारी जागा. पी-झिरो-ए-एटी हा संकेत आला तर बॅटरीचा खर्च धरूनच किंमत बोलावी. नव्या बॅटरीचा भाव अधिकृत केंद्राकडून लेखी घ्यावा, अंदाजावर जाऊ नये. २०२२ नंतरच्या टोयोटा हायब्रिडच्या बॅटरीला आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर यापैकी आधी येईल तोपर्यंत हमी आहे. ती शिल्लक आहे का, सर्व्हिसच्या नोंदी आहेत का, हे कागदावर पाहावे.

एकच संच बदलून स्वस्तात काम करून देतो, असे सांगणारेही भेटतील. वरचे गंजलेले तांब्याचे पट्टे साफ करून कधी काम भागते, हे खरे. परंतु सगळे संच सारखेच म्हातारे असतील तर आज एक, चार महिन्यांनी दुसरा, अशी रांग लागते. ज्याची गाडी रोजीरोटीसाठी चालते त्याने बुडालेल्या दिवसांचाही हिशेब धरावा.

आमच्या कारागीर बंधूंना एक कळकळीची सूचना आहे. नारिंगी रंगाच्या तारांना हात लावण्याआधी थांबा. काही नमुन्यांत इन्व्हर्टरमधील दाब ६५० व्होल्टपर्यंत जातो आणि तो जीव घेऊ शकतो. चावी दूर ठेवावी, १२ व्होल्टची तार सोडावी, १००० व्होल्टचे रबरी हातमोजे घालून सर्व्हिस प्लग काढावा व तो आपल्या खिशात ठेवावा, किमान दहा मिनिटे थांबावे आणि मीटरने शून्य पाहूनच काम करावे. एसी दुरुस्त करणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे की विजेवर चालणाऱ्या कंप्रेसरला वेगळे, वीज न वाहणारे तेल लागते. साधे तेल पडले तर कंप्रेसर निकामी होतो. हे काम शिकून घेणाऱ्या मिस्त्रीला पुढची अनेक वर्षे काम कमी पडणार नाही, असे आम्हाला वाटते.

शेवटी हिशेबाविषयी. एक वही ठेवावी. तारीख, किलोमीटर, काय बदलले आणि किती खर्च झाला, हे लिहावे. वाचलेल्या पेट्रोलमधून दर किलोमीटरला एक रुपया बाजूला काढावा. वर्षाला ५०,००० किलोमीटर चालणाऱ्या गाडीचे ५०,००० रुपये जमतात आणि मोठा खर्च आला तरी कर्ज काढावे लागत नाही. आणि उद्या गाडी विकायची वेळ आली, तर ती वही गिऱ्हाइकापुढे ठेवावी आणि असलेला ऐब स्वतःहून सांगावा. त्यामुळे दोन पैसे कमी मिळतील, पण व्यापारात नाव टिकते ते अशाच सौद्यांवर.