मायक्रोवेव्ह घेतलात, पॉइंटचं काय?

रात्री साडेनऊला ऑफिसमधून यायचं, डब्यातली उसळ गरम करायची आणि टीव्हीसमोर बसायचं. आपल्यातल्या कित्येकांचा संसार त्या एका ‘टिंग’वर चालतो! मायक्रोवेव्ह घेताना आपण लिटर बघतो, रंग बघतो, ईएमआय बघतो. तो लावणार कुठे, हे मात्र कुणी बघत नाही.

मी दर दोन वर्षांनी भाड्याचं घर बदलणारी. त्यामुळे नवा फ्लॅट बघायला गेले की बाल्कनीच्याही आधी ओट्यावरचा स्विचबोर्ड बघते. घरमालक हसतात. हसू देत!

हिशेब साधा आहे. जाहिरातीतले ‘८०० वॅट’ म्हणजे अन्नाला मिळणारी पॉवर. भिंतीतून मात्र तो साधारण १२०० वॅट ओढतो, म्हणजे २३० व्होल्टवर पाच अँपिअरच्या वर. कन्व्हेक्शनवाला असेल तर आकडा २००० वॅटच्या पुढे, म्हणजे जवळपास नऊ अँपिअर! मोबाइल चार्जरचा छोटा पॉइंट असतो ६ अँपिअरचा. म्हणूनच बऱ्याच मायक्रोवेव्हना जाड पिनांचा, १६ अँपिअरचा प्लग असतो. तो कन्व्हर्जन प्लग लावून छोट्या पॉइंटमध्ये खुपसायचा, किंवा मिक्सर आणि किटलीसोबत एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर बसवायचा, हा जुगाड महागात पडू शकतो. प्लग हाताला गरम लागला, तपकिरी पडला किंवा जळका वास आला, तर वापर तिथेच थांबवा.

दुसरा मुद्दा अर्थिंगचा. प्लगची तिसरी, सगळ्यात जाड पिन त्यासाठीच असते. पण जुन्या बिल्डिंगमध्ये कधी कधी भिंतीत तिसरं भोक असतं आणि मागे वायरच नसते! मायक्रोवेव्हला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर मेन बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा. तो मीटर लावून दोन मिनिटांत सांगेल. एमसीबी वाचवते वायरिंगला. माणसाला वाचवायला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी लागते. तीही आहे का, ते लगे हाथ विचारून घ्या.

तिसरा मुद्दा हवेचा. आतला मॅग्नेट्रॉन भरपूर तापतो आणि पंखा ती गरम हवा जाळीतून बाहेर फेकतो. त्या जाळीवर आईनं प्रेमानं विणून दिलेलं क्रोशाचं कव्हर टाकू नका. भिंतीपासून किती अंतर हवं, ते मॅन्युअलमध्ये असतं; तेवढं सोडाच. महिन्यातून एकदा प्लग काढून कोरड्या ब्रशनं जाळीवरची धूळ झाडा. झुरळांनाही ती उबदार जागा फार आवडते, म्हणून आजूबाजूला खरकटं नको. आतल्या बाजूच्या अभ्रकाच्या पातळ पत्र्यावर उडालेलं तेल वेळच्या वेळी पुसा, नाहीतर तिथेच ठिणग्या उडतात. दाराच्या कडाही पुसा. रिकामा मायक्रोवेव्ह चालवू नका.

आणि स्क्रू ड्रायव्हर? अजिबात नाही! आतल्या कपॅसिटरवर २००० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो चार्ज धरून राहू शकतो. हे काम मेकॅनिकचंच.

राहता राहिला घरमालक. १६ अँपिअरचा, अर्थिंग तपासलेला पॉइंट अॅग्रीमेंटवर सही करायच्या आधी मागा. डिपॉझिट एकदा हातात पडलं, की उत्तर ठरलेलं असतं : ‘बघू!’