आधी सीट काढा

गिरगावातल्या एखाद्या जुन्या वाडीत शिरलं की कडेला, भिंतीला खेटून, ताडपत्रीखाली एक गाडी उभी दिसते. चाकांत हवा नसते, बॉनेटवर मांजर झोपलेलं असतं. कोणाची म्हणून विचारावं तर उत्तर येतं, ‘अण्णांची फियाट’. आरसी बुकात ती प्रीमियर पद्मिनी असते, पण मुंबईने तिला फियाटखेरीज दुसऱ्या नावाने फारशी कधी हाक मारली नाही. अण्णांचा मुलगा दर गणपतीत जाहीर करतो, ‘यंदा गाडी चालू करायचीच.’ मग मेकॅनिक येतो, नवी बॅटरी बसते, कार्बोरेटर साफ होतो, इंजिन दोनदा खोकून सुरू होतं आणि गॅलरीतून टाळ्या पडतात.

माझ्या मते हा सगळा क्रम उलटा आहे. इंजिनाचं काय, ते आज ना उद्या सुरू होईल. त्याचे सुटे भाग ऑपेरा हाऊसच्या दुकानांत, चोरबाजारात किंवा कुर्ल्याच्या भंगारात शोधता येतात. गाडी जगणार की नाही, हे ठरतं सीटखालच्या पत्र्यावर. म्हणून आधी सीट काढा, आणि शक्यतो स्वतःच्या हातांनी काढा.

बँकेत असताना गोदाम तपासणीला जावं लागे. तारण ठेवलेल्या मालाची पुढची रांग नेहमीच नीटनेटकी असते. खरा हिशेब मागची पोती उपसल्यावर कळतो, आणि ती आपल्यासमोर उपसून घ्यावी लागतात. जुन्या गाडीचंही तसंच आहे. घाईतला कारागीर गंजलेला बोल्ट छिन्नीने उडवतो, खालच्या कुजक्या पत्र्यावर डांबरी लेप फासतो आणि वर नवी मॅट अंथरतो. आपल्याला दिसते ती मॅट.

ही गाडी कुठून आली, हे ठाऊक असलेलं बरं. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कारखाना कुर्ल्याला. १९६४ पासून तिथे फियाट ११०० डिलाइट तयार होऊ लागली आणि १९७४ पासून तिचंच नाव पद्मिनी झालं. इंजिन १०८९ सीसीचं, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. गिअर तिथे असल्यामुळे पुढच्या दोन आसनांच्या मधली जागा मोकळी राहिली आणि सलग बाक बसवता आला. त्या बाकावर ड्रायव्हरशेजारी दोघं, मांडीवर तिसरं, असं आपलं अख्खं कुटुंब मावलं. गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचे ते दिवस. मिळाली की आरसी बुकावर कर्जाऊ बँकेची नोंद पडायची आणि ती उतरली की घरात पेढे वाटले जायचे.

आता कामाकडे वळू. मूळ इटालियन असल्यामुळे फियाटला मिलिमीटरचे पाने लागतात. अॅम्बॅसिडरसाठी जमवलेले इंचाचे पाने इथे चालवू नका, बोल्टची डोकी गोल होतात. मागच्या सीटची गादी आधी काढायची. जुन्या गाड्यांत ती बहुधा नुसती खाचेत अडकवलेली असते. पुढच्या कडेला गुडघा टेकून गादी मागे रेटायची आणि कडेखाली हात घालून वर उचलायची. नाहीच निघाली तर स्क्रू शोधा, ओढाओढ करू नका. पाठ त्यानंतर. खालचे स्क्रू काढले की तीही वर सरकवून हुकांतून सुटते.

खरी परीक्षा पुढच्या बाकाची. त्याच्या पट्ट्या तळाच्या पत्र्याला बोल्टने आवळलेल्या असतात. बोल्टचं टोक खालून बाहेर आलेलं असलं, तर त्यावर इतकी वर्षं रस्त्याचा चिखल आणि समुद्राची खारी हवा बसलेली असते. आदल्या रात्री तिथे तारेचा ब्रश मारून गंज सोडवणारं तेल सोडा आणि झोपा. गाडीखाली शिरायचं असेल तर नुसत्या जॅकवर विसंबू नका, भक्कम घोड्या लावा. सकाळी बाक पूर्ण मागे सरकवून पुढचे बोल्ट, मग पूर्ण पुढे सरकवून मागचे. पाना आधी किंचित आवळण्याच्या दिशेने फिरवायचा, ‘कट्ट’ असा आवाज आला की उलटा. ज्याला घाई आहे त्याने हे काम हाती घेऊ नये. तुटलेला बोल्ट ड्रिलने काढण्यात रविवार जातो, आणि पुढचाही.

बाक एकट्याने बाहेर काढायचा नाही. स्प्रिंगांमुळे तो जड असतो, आणि दारापेक्षा लांबही. एक टोक आधी, तिरकं करून. उंबऱ्यावर जुनी सोलापुरी चादर टाकली म्हणजे रंग ओरबाडत नाही. सुट्या पट्ट्या मध्येच सर्रकन सरकतात, तेव्हा बोटं जपा.

इथे एक इशारा द्यायला हवा. हे उद्योग नव्या गाडीत करू नयेत. तिच्या सीटखाली एअरबॅगच्या आणि पट्ट्याच्या तारा असतात. जुन्या फोक्सवॅगन बीटलचा धोका वेगळाच, तिची बॅटरीच मागच्या सीटखाली असते. गादीच्या स्प्रिंगा तिला टेकल्या तर आग लागू शकते.

सीटखाली पाच पैशांची नाणी, आकडे, भारतमाता थिएटरचं तिकीट असं काहीबाही सापडतं. घरची मंडळी त्यावर तुटून पडतात. तुम्ही पत्र्याकडे बघा. मॅट आणि तिच्याखालचा नमदा उचला. नमदा ओला असेल तर पाणी कुठून येतं ते शोधा. काचेचं रबर, दाराचं रबर, नाहीतर सरळ रस्ता. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्यात जेमतेम ७३. त्यामुळे त्या एका दिवसापुरती गिरगावची गाडी सुदैवी म्हणायची. हिंदमाताजवळच्या दादर-परळच्या गाड्यांनी मात्र ते पाणी पाहिलं, आणि त्याआधीची नि नंतरचीही कितीतरी. बाहेरून धुऊनपुसून चकचकीत झालेल्या गाडीत नमदा महिनोन् महिने ओला राहतो. स्क्रूड्रायव्हरचं टोक पत्र्यावर दाबत जा. टणटणीत आवाज आला तर घासून प्रायमर लावायचा, टोक आत गेलं तर तेवढा पत्रा कापून नवा वेल्ड करायचा. वेल्डिंगच्या वेळी सीट गाडीत नसणं हेही सोयीचंच, कारण गादी ठिणगीची वाटच बघत असते.

ती गादी उलटी करून बघा. स्प्रिंगा, गोणपाट, काथ्या. लालबाग-परळच्या गणपतींच्या कारखान्यांत प्लास्टरच्या मूर्तीला आतून धरून ठेवतो तोच काथ्या. तो दबला असेल तर बदलावा, सांगाडा टाकू नये. हल्ली बाक भंगारात देऊन दोन सुट्या बकेट सीट बसवायची फॅशन आहे. मला ती मुळीच पटत नाही. आपण जपायला निघालो होतो तीच वस्तू भंगारात देऊन बसतो.

याला आता कायद्याचंही निमित्त आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, मूळ रूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले चालत नाहीत. पहिल्या पद्मिनींची पन्नाशी नुकतीच उलटली आहे. अशी नोंदणी केली की गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, म्हणजे दादरला भाजी आणायला टॅक्सीच. तीही पद्मिनी नसणार. २००३ च्या ऑक्टोबरात ताडदेव आरटीओत नोंदलेली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली.

पत्र्याचं काम होईपर्यंत बाक ठेवायचा कुठे, हा चाळीतला अवघड प्रश्न. माझा गॅलरीत तीन आठवडे होता. दुसऱ्या दिवसापासून दुपारी तिथे शेजारच्या आजी बसू लागल्या, संध्याकाळी पोरं. परत न्यायच्या दिवशी आजींनी विचारलं, ‘एवढी घाई काय आहे?’

बसवताना क्रम उलटा, आणि बोल्ट शक्यतो नवे. चारही आधी हाताने धरवायचे, मग पान्याने आवळायचे. पट्ट्यांना थोडं ग्रीस. बाक पुढे-मागे सरकवून प्रत्येक खाचेत अडकतो की नाही ते बघायचं, कारण ब्रेक मारताना सीट निसटली तर स्टिअरिंग हातात राहत नाही. पहाटे मोकळ्या रस्त्यावर एक सावकाश फेरी मारायची, दोन-तीनदा ब्रेक दाबून पाहायचा, आणि घरी आल्यावर पाना घेऊन चारही बोल्ट पुन्हा तपासायचे.