कोबाल्टचे रंगीत क्षार

तीन बाटल्या डोळ्यांपुढें आणा. पहिलींत केशरी-पिंवळे स्फटिक, दुसरींत जांभळे, तिसरींत हिरवे. घटक तिन्हींत तेच: कोबाल्ट धातु, क्लोरीन, आणि नवसागरांतून निघणारा, नाकाला झोंबणारा अमोनिया. कोबाल्टच्या एका परमाणूमागें क्लोरीनचे परमाणु सर्वत्र तीन. अमोनियाचे रेणु मात्र अनुक्रमें सहा, पांच व चार. क्षार पाण्यांत विरघळवून त्यांत सिल्व्हर नायट्रेट टाकलें, तर मोकळ्या क्लोरीनचा पांढरा साका तळाशीं बसतो. केशरी क्षारांतून तिन्ही क्लोरीन खालीं येतात, जांभळ्यांतून दोन, हिरव्यांतून एकच. मग उरलेले कोठें दडले?

कोपनहेगनचे सोफुस यॉर्गेन्सेन यांनीं या क्षारांवर आयुष्य वेंचलें. त्यांच्या मतें अमोनियाचे रेणु साखळीसारखे एकमेकांना जोडलेले असतात. साखळीच्या टोकाचा क्लोरीन सुटतो, धातूला थेट चिकटलेला सुटत नाहीं. कार्बनच्या संयुगांत साखळ्यांची कल्पना उत्तम सिद्ध झालेली होती. तेव्हां हें मत कोणाला वावगें वाटलें नाहीं.

१८९३ सालीं झुरिक येथील आल्फ्रेड वेर्नर यांनीं निबंध लिहिला, तेव्हां त्यांचें वय अवघें सव्वीस. या क्षारांवर त्यांचे स्वतःचे प्रयोग जवळजवळ नव्हतेच. आधार मुख्यतः यॉर्गेन्सेन यांच्याच नोंदींचा. साखळी नाहींच, असें त्यांनीं सांगितलें. आपण बसलां आहांत ती खोलीच घ्या. मध्यभागीं कोबाल्टचा परमाणु टांगला आहे. चार भिंती, तक्तपोशी व जमीन, या सहांच्या मध्यावर एकेक जागा. हे सहा बिंदु जोडले, कीं अष्टफलक होतो. सहा अमोनिया आले, कीं जागा भरल्या व तिन्ही क्लोरीन बाहेर मोकळे. एक अमोनिया कमी झाला, कीं त्या जागीं एक क्लोरीन आंत अडकतो आणि साक्यांत सांपडत नाहीं.

मग अमोनिया तीनच असले तर? साखळीवाद्यांच्या हिशेबानें एक क्लोरीन सुटावयास हवा. वेर्नर यांच्या हिशेबानें एकहि नाहीं. इरिडियम धातूचा असा क्षार खुद्द यॉर्गेन्सेन यांनींच तयार केला. साका पडला नाहीं. हा निकाल आपल्याच मताविरुद्ध जातो हें ठाऊक असून त्यांनीं तो प्रसिद्ध केला. वेर्नर यांच्या बुद्धीइतकेंच मला या वृद्ध प्रतिपक्ष्याच्या सचोटीचें कौतुक वाटतें.

पुढचा कस अधिक कठीण. हिरव्या क्षारांत अडकलेले क्लोरीन दोन. ते समोरासमोर बसतील किंवा लगतच्या बाजूंवर. तिसरा प्रकार संभवत नाहीं. म्हणजे त्याच घटकांचा आणखी एक क्षार असलाच पाहिजे. तो निळसर-जांभळा क्षार वेर्नर यांना १९०७ सालीं साधला, आणि यॉर्गेन्सेन यांनीं विरोध सोडला.

या लगत-समोरच्या फरकाची किंमत पुढें वैद्यकांत कळली. प्लॅटिनमच्या एका जातीच्या क्षारांत धातूभोंवतीं चारच जागा, त्याहि एका पातळींत, असें त्याच निबंधांत मांडलें होतें. दोन अमोनिया व दोन क्लोरीन घेतले, तर येथेंहि दोन क्षार होतात. लगतच्या क्लोरीनचा क्षार सिस्प्लॅटिन या नांवानें १९७८ पासून कर्करोगावर वापरांत आहे. समोरासमोरचा त्या कामीं जवळजवळ निरुपयोगी.

तरी शंका उरलीच. तिसरा प्रकार अद्याप कोणाला सांपडला नसेल, एवढेंच कशावरून नव्हे? अष्टफलक खरा असेल, तर कांहीं क्षारांचे उजव्या-डाव्या जोड्यांसारखे दोन प्रकार हवेत: एकमेकांचीं आरशांतील प्रतिबिंबें, एकमेकांवर न बसणारीं. सहा जागा एकाच पातळींत असत्या, तर नुसत्या त्यांच्या मांडणीनें असें युग्म होतेंना. १९११ सालीं वेर्नर यांचे अमेरिकन शिष्य व्हिक्टर किंग यांनीं असें युग्म वेगळें करून दाखविलें. त्यांत कार्बन होता, म्हणून हा कार्बनचाच प्रताप, असें कांहीं म्हणाले. १९१३ सालीं नोबेल पारितोषिक मिळाल्यावरहि वेर्नर यांनीं तो आक्षेप सोडला नाहीं. पुढच्याच वर्षीं कार्बनचा लेशहि नसलेला क्षार उजव्या-डाव्या रूपांत समोर ठेवला.

हें सारें रंग, साके व मोजदाद यांवरून. क्ष-किरणांनीं स्फटिकांतील परमाणूंच्या जागा ठरविण्याची रीत नुकतीच निघत होती. १९२१ सालीं अमेरिकेंत वायकॉफ व पोस्न्याक यांनीं सहा जागांच्या जातीचा प्लॅटिनमचा एक क्षार तीनें तपासला. मध्यें प्लॅटिनम, भोंवतीं अष्टफलकाच्या टोकांवर सहा क्लोरीन. वेर्नर १९१९ च्या नोव्हेंबरांत वारले होते.