लेखांक ६ : ३४ वर्षांनी आलेली कबुली

गेल्या आठवड्यात आपण ऑगस्टीनने चोरलेल्या नाशपतींपाशी थांबलो होतो. पोरवयातली ती चोरी चाळिशी उलटल्यावरही त्याला टोचत होती. या वेळचा माणूस फळं चोरणारा नाही. तो माणसं विकायला नेत होता.

जॉन न्यूटन बहुतेकांना ठाऊक असतो तो 'अमेझिंग ग्रेस' या गीतामुळे. त्याची गोष्ट सांगितली जाते तीही सुटसुटीत: गुलामांच्या जहाजाचा कप्तान, समुद्रात वादळ, देवाचा धावा आणि रातोरात धंद्याला रामराम. गोष्ट छान आहे, फक्त तारखा जुळत नाहीत. वादळ झालं मार्च १७४८ मध्ये, 'ग्रेहाउंड' जहाजावर. न्यूटन तेव्हा २२ वर्षांचा होता आणि कप्तान नव्हता. कप्तान झाला तो १७५० साली. देवाकडे वळल्यावर त्याने कप्तान म्हणून गुलामांच्या तीन सफरी केल्या. रविवारी वर खलाशांसाठी उपासना चाले, खाली साखळदंडातली माणसं पडलेली असत. १७५२ च्या रोजनिशीत, बंडाच्या संशयावरून काही पोरांचे अंगठे स्क्रूत पिळल्याची नोंद आहे, अक्षर त्याचंच. १७५४ मध्ये समुद्र सुटला, तोही आजारपणाच्या झटक्यामुळे.

पुढे १७६४ मध्ये तो ओल्नी गावी पाळक झाला. त्याच वर्षी छापलेल्या आत्मकथनात ईश्वरनिंदेचा पश्चात्ताप भरभरून आहे. गुलामांच्या व्यापाराबद्दल मात्र एवढंच, की तुरुंगरक्षकासारखं ते काम नकोसं वाटे, पण ते पाप आहे असं तेव्हा मनात आलं नव्हतं.

१ जानेवारी १७७३ च्या उपासनेसाठी त्याने ते प्रसिद्ध गीत लिहिलं. त्याच महिन्यात त्याचा शेजारी आणि मित्र, कवी विल्यम कूपर, मनाने कोसळला. देवाने आपल्याला कायमचं टाकलंय, अशी कूपरची खात्री झाली. न्यूटनने त्याला वर्षाहून जास्त काळ आपल्या घरी ठेवून घेतलं. एका छपराखाली दोघे: ज्याच्या हातून माणसांची आयुष्यं उद्ध्वस्त झाली, त्याला क्षमा मिळाल्याचा भरवसा, आणि ज्याने कुणाचं काही बिघडवलं नव्हतं, त्याला नरकाची धास्ती. श्रद्धा म्हणजे हुकमी औषध, असं मानणाऱ्यांनी हे घर जरूर आठवावं.

न्यूटनचा भरवसा सोयीस्कर होता का? बरीच वर्षं होता, असंच म्हणावं लागतं. पण ख्रिस्ती शिकवणीत क्षमा कमवायची नसते, ती कृपेने मिळते. त्यामुळे जुना हिशेब पुन्हा उघडायची भीती उरायला नको. न्यूटनने तो उघडला १७८८ मध्ये. तेव्हा तो लंडनमध्ये नामांकित पाळक होता, वय ६२. गुलामांच्या व्यापारावर त्याने पुस्तिका छापली. त्यात कोंदट तळघरं, साथी, छळ, सगळं प्रत्यक्षदर्शीच्या तपशिलाने आलं. ही कबुली फार उशिरा येते आहे, हेही त्याने त्यातच लिहिलं. १७९० मध्ये त्याने संसदीय समितीपुढे साक्ष दिली. पूर्वी, १७८५ मध्ये, राजकारण सोडू पाहणारा तरुण खासदार विल्बरफोर्स (पुढे याच व्यापाराविरुद्ध संसदेत लढला तो) सल्ल्याला आला होता, तेव्हा न्यूटनने त्याला संसदेतच राहायला सांगितलं होतं.

मार्च १८०७ मध्ये ब्रिटिश संसदेने हा व्यापार बंद केला. न्यूटन त्याच डिसेंबरात गेला. आपला स्मृतिलेख त्याने स्वतःच लिहून ठेवला होता. त्यात तो स्वतःला एके काळचा नास्तिक, स्वैराचारी आणि आफ्रिकेतल्या गुलामांचा नोकर म्हणवतो, ख्रिस्ताच्या दयेने क्षमा मिळाल्याचं सांगतो. कप्तानपदाचा उल्लेख त्या दगडावर नाही.